आमच्या साडूंच्या तीन मुंबया

साडू या नात्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आमच्या साडूंइतका सगळ्यांना हवाहवासा साडू माझ्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. रत्नागिरीत बाजारात जा, जेटीवर जा, एसटी स्टँडवर जा, पाच मिनिटांच्या आत कोणीतरी मला थांबवतं आणि विचारतं, "डॉक्टर, भाऊ कसे हायत?" मी कसा आहे, हे गेल्या सोळा वर्षांत कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. भाऊ म्हणजे आमचे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेचे मुख्य तंत्रज्ञ. त्याच प्रयोगशाळेचा मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे कागदोपत्री मी त्यांचा साहेब. कागदाबाहेर ही गोष्ट कोणाला फारशी ठाऊक नाही. रुग्णालयाचा वॉचमन त्यांना उठून नमस्कार करतो आणि मला बसल्या जागेवरून मान हलवतो. मला याचा मत्सर वाटतो. लोक अशा वेळी आदर, कौतुक वगैरे शब्द वापरतात. मी सोळा वर्षं तेच शब्द वापरून बघितले, पण आत होता तो मत्सरच.

बरं, त्यांनी माझं काही वाईट केलं असतं तर सगळं सोपं होतं. उलट इथला माझा संसार त्यांनीच मांडून दिला. मी सांगलीकडचा. नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा एकटा होतो आणि खानावळीत जेवत होतो. पहिल्याच महिन्यात कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी झाली आणि माझं रक्त भाऊंनी काढलं. पुढे त्यांच्या मेव्हणीशी माझं लग्न ठरलं तेव्हा मला कळलं, की त्या तपासणीची तोंडी हकीकत हातखंब्याजवळ राहणाऱ्या सासऱ्यांच्या कानावर केव्हाच गेली होती. "मुलगा बी पॉझिटिव्ह हाय, साखर उत्तम, लिव्हर स्वच्छ. जरा चिडका वाटतो, पण ता रिपोर्टात येत नाय," असं भाऊ म्हणाले होते. पत्रिका कोणी मागितलीच नाही. आजही आम्ही सासुरवाडीला गेलो की सासरे माझी प्रेमाने चौकशी करतात, पण बोलता बोलता त्यांची नजर माझ्या खांद्यावरून अंगणाकडे जाते आणि ते विचारतात, "थोरले नाय आले?"

भाऊंची सुई लागत नाही अशी जिल्हाभर ख्याती आहे. यात हातचलाखी काही नाही. सुई टोचायच्या क्षणी ते पेशंटला विचारतात, "आज बाजारात मासळी काय काय आली वो?" कोकणातला माणूस या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देत नाही. तो बांगड्यापासून सुरुवात करतो आणि सौंदाळ्यापर्यंत पोचतो तोवर दंडावर कापूस दाबलेला असतो. शाकाहारी पेशंटसाठी आंब्याच्या मोहराचा प्रश्न राखून ठेवलेला आहे. एकदा भाऊ रजेवर असताना मीही हा प्रयोग केला. मासळीतलं मला कळत नाही, म्हणून मी हवा कशी आहे असं विचारलं. तो गृहस्थ हवा बघायला खिडकीकडे वळला, सुई हलली, आणि "भाऊंना बोलवा" असं म्हणत तो आडवा झाला. भाऊ माणसांची नावं विसरतात, पण त्यांच्या पेशी विसरत नाहीत. रस्त्यात कोणी प्रतिष्ठित गृहस्थ भेटला की तो पुढे गेल्यावर हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "ह्यांच्या प्लेटलेट फार देखण्या."

घरीही त्यांची प्रयोगशाळा सुटत नाही. त्यांचा फ्रिज उघडला की प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते: सोलकढी, काढली सकाळी अकरा दहा, आणि खाली त्यांच्या बायकोची सही. एकदा ते आमच्याकडे जेवायला आले तेव्हा माझ्या बायकोने लोणच्याची बरणी पुढे केली. भाऊंनी ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि अलगद परत ठेवली. "नाव नाय, तारीख नाय. असला नमुना आपण घेत नाय." आमटीत मीठ कमी आहे असं मी म्हटलं तर माझी बायको दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. त्या दिवशी ती खळखळून हसली आणि पेन शोधायला धावली. तेव्हापासून आमच्या सगळ्या बरण्यांवर चिठ्ठ्या आहेत.

पण भाऊंचं खरं वैभव म्हणजे त्यांचं रजिस्टर. आलेल्या प्रत्येक नमुन्यापुढे शेऱ्यासाठी एक अरुंद रकाना असतो, आणि त्यात ते स्वतःची मराठी लिहितात. रक्ताची गुठळी झाली असेल तर 'रुसलाय'. नमुना घाईघाईने, अपुरा घेतला असेल तर 'पळवलान'. उपाशीपोटी आलोय असं सांगणाऱ्या पेशंटची साखर भलतंच काही सांगत असेल तर 'चा पिऊन आलाय, विचारू नका'. आणि वरचेवर, जवळपास प्रत्येक पानावर, 'मुंबईस'. रोज संध्याकाळी ते रजिस्टर माझ्या सहीसाठी येतं, मी ते चाळतो, मनात हसतो, तोंडाने "जरा शिस्तीत लिहीत जा" म्हणतो, आणि सही करतो.

गेल्या वर्षी ट्रस्टने ठरवलं, की आपल्या प्रयोगशाळेत एआय आणायचं. एआय म्हणजे भाषा समजणारं मॉडेल. सूक्ष्मदर्शकाखाली मी जे पाहतो ते मी बोलायचं आणि त्याने अहवालाचा मसुदा लिहायचा. शिवाय जुन्या-नव्या नोंदी वाचून कोणाचा अहवाल यायचा राहिलाय, कोणाला परत बोलवायचंय, याची यादी करायची. हे यंत्र एका दिवसात आणून बसवता येत नाही, आधी रुग्णालयाची तयारी करावी लागते, म्हणून एक सज्जता समिती नेमली आणि तिचा प्रमुख मला केलं. मला झालेला आनंद मी लपवला, पण फार नाही. या एका विषयात भाऊ माझ्या पुढे असणं शक्यच नव्हतं. फोन वाजला की ते आधी चष्मा शोधतात आणि तो सापडेपर्यंत फोन वाजायचा थांबलेला असतो. समितीत मी संगणक विभागातल्या ताईंना घेतलं, मेट्रनबाईंना घेतलं, आणि भाऊंना 'कामाचा ताण लक्षात घेऊन' वगळलं. त्यांच्या कामाचा ताण मी सोळा वर्षांत प्रथमच लक्षात घेत होतो.

काम मात्र आम्ही मन लावून केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. पेशंटची नावं काढून मगच मजकूर मॉडेलकडे द्यायचा. सूक्ष्मदर्शकाखालची काच पुन्हा पाहिल्याशिवाय कोणीही मसुद्यावर सही करायची नाही. चूक झाली तर जबाबदार माणूस असेल, यंत्र नाही. आणि पहिला महिनाभर जुनं रजिस्टर नव्या पद्धतीच्या बरोबरीने चालू ठेवायचं. हा शेवटचा नियम मी स्वतः लिहिला होता आणि तो मी सगळ्यांना वाचून दाखवत असे.

प्रशिक्षण द्यायला पुण्याचा एक तज्ज्ञ पडद्यावरून आला. सभागृह भरलं होतं. मी तासभर प्रास्ताविक केलं, त्यात रंगीत आकृत्या होत्या. शेवटी काही प्रश्न आहेत का, असं विचारल्यावर मागच्या खुर्चीवरून भाऊ उठले. "ह्याला 'माहीत नाय' असा म्हणता येतं काय?" लोक हसले. पडद्यावरचा तज्ज्ञ मात्र हसला नाही. तो म्हणाला, या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. या यंत्राला ठाऊक नसलेली गोष्टही ते ठाऊक असल्यासारखी, गुळगुळीत भाषेत लिहून टाकतं. म्हणून कुठे थांबायचं, कुठे जागा कोरी सोडायची, हे त्याला आधी शिकवावं लागतं. त्याने तो प्रश्न आपल्या वहीत उतरवून घेतला. मेट्रनबाईंनी तो परिचारिकांच्या खोलीतल्या फळ्यावर लिहिला. माझ्या आकृत्यांविषयी आजवर कोणी एक अक्षर काढलेलं नाही.

जाताना तो तज्ज्ञ आणखी एक सांगून गेला. तुमच्या प्रयोगशाळेत जे खास शब्द वापरतात त्यांची अर्थासकट यादी करा, आणि जो माणूस ते शब्द लिहितो त्यालाच ती करू द्या. हे त्याने दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान हलवली, खोलीत गेलो, दार लावलं आणि यादी स्वतःच केली. सोळा वर्षं ज्या रजिस्टरवर मी सही करतोय त्यातलं मी भाऊंना काय विचारायचं? आणि विचारायला गेलो असतो तर प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी पाहिलं असतं. 'रुसलाय' मी बरोबर लिहिलं, 'पळवलान'ही बरोबर लिहिलं. 'मुंबईस' या शब्दापाशी तर मी थांबलोसुद्धा नाही. इथे दुखणं वाढलं की माणूस मुंबईला जातो. तिकडे कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी मुलगा असतोच. मी लिहिलं: 'रुग्ण पुढील उपचारांसाठी मुंबईस रवाना, येथील पाठपुरावा बंद.' रवाना हा शब्द सुचला म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

यंत्र सुरू झालं आणि राहिलेल्या अहवालांची यादी पहिल्याच आठवड्यात निम्म्यावर आली. विश्वस्तांच्या बैठकीत मी ती फडकवली. अध्यक्षांनी टाळी वाजवली, इतरांनीही वाजवल्या. त्या भरात दुसऱ्या आठवड्यात मी भाऊंना सांगितलं, की आता जुनं रजिस्टर बंद करा, दोन-दोन कामं नकोत. "होय होय," भाऊ म्हणाले. भाऊंनी एकदा होय म्हटलं तर होय असतं आणि दोनदा म्हटलं तर नाही असतं. हे प्रयोगशाळेत माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी एका शनिवारी भाऊ माझ्या खोलीत आले आणि त्यांनी आपल्यामागे दार लोटून घेतलं. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. हातात मी बंद केलेलं रजिस्टर होतं आणि त्यात बोट घातलेलं होतं. "डॉक्टर, मशीनला मुंबईचा अर्थ काय सांगितलात?" मी सांगितला, रवाना या शब्दासकट. मग त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे उघडलं.

"ह्या बघा. नुसता 'मुंबईस' लिवला म्हणजे पेशंट गेला. खाली रेघ मारली म्हणजे पेशंट हितंच हाय, त्याचा ब्लॉक तेवढा मुंबईच्या लॅबला गेलाय. रिपोर्टची वाट बघतोय तो. आणि शब्दाला गोल केला म्हणजे पेशंटला एकदम सांगायचा नाय, आधी त्याच्या मुंबईच्या मुलग्याला फोन करायचा."

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. मला इथे खात्री देता येत नाही तेव्हा तो विशेष तपासणीसाठी आम्ही मुंबईला पाठवतो. पाठवायला मीच सांगतो, आणि भाऊ पट्टी ठेवून शब्दाखाली रेघ मारतात. सोळा वर्षं मी त्या रेघांच्या शेजारी सह्या केल्या होत्या. रजिस्टर संगणकात टाईप करताना शब्द टाईप झाले. रेघ टाईप होत नाही, गोलही होत नाही. यंत्राने बिचाऱ्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. मीच त्याला इतक्या ठामपणे सांगितलं होतं, की त्याला माहीत नाही असं म्हणायला जागाच उरली नव्हती.

भाऊंनी आधीच सगळी पानं तपासली होती. बाकीची माणसं खरोखरच मुंबईला गेलेली होती, किंवा त्यांचे अहवाल त्यांच्या हातात पडले होते. एक नाव उरलं होतं. हर्ण्याची एक बाई, मासळी सुकवणारी, पन्नाशीच्या आतली. छातीत गाठ होती, माझी खात्री होईना, म्हणून ब्लॉक मुंबईला गेला होता. तिकडचा अहवाल आमच्या मेलमध्ये येऊन अठरा दिवस झाले होते. तो कोणी उघडला नव्हता, कारण यादीप्रमाणे अशा कोणाचा अहवाल यायचाच नव्हता. मी तो उघडला. गाठ वाईट होती.

भाऊ ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा शोधला, रजिस्टरमधून नंबर काढला आणि माझ्याच टेबलावरून हर्ण्याला फोन लावला. "वहिनी, मी दवाखान्यातला भाऊ. काय, आज काय सुकत घातलंत?" मग बराच वेळ ते ऐकत राहिले. "बरा. सोमवारी पयल्या गाडीनं हिकडं या. मुलग्याला घेऊन या. औषध लागंल, जरा मोठा लागंल, पण आपण ता करू. उपाशी येव नका." एवढंच बोलले. काही लपवलं नाही आणि घाबरवलंही नाही. मी समोर बसून ऐकत होतो, आणि त्या घटकेलाही माझ्या मनात आलं, की हे असं मला कधीच बोलता येणार नाही. लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी मला त्यांचा मत्सर वाटला.

सोमवारी विश्वस्तांची तातडीची बैठक झाली. मी काय सांगायचं ते मनात जुळवून गेलो होतो. पण मी तोंड उघडण्याआधी भाऊ उभे राहिले. "चूक माझी हाय. मी रेघा मारायचो, अर्थ कोणाला सांगितला नाय. मशीनचा सोडा, उद्या मी नसलो तर माणसाला पण कळायचा नाय." अध्यक्षांनी जुन्या सवयींबद्दल दोन शब्द सौम्यपणे सुनावले. भाऊंनी मान डोलावली. माझ्यापुढे चहा होता. मी तो प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेखी दिलं. यादी मी केली, भाऊंना विचारलं नाही, आणि रजिस्टर महिनाभर चालू ठेवायचा माझाच नियम मी दुसऱ्या आठवड्यात मोडला. अध्यक्षांनी कागद शांतपणे वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं. "साडूंवर फार जीव आहे हो तुमचा," ते म्हणाले, आणि कागद फाईलला लावून टाकला. ही हकीकत सासऱ्यांच्याही कानावर गेली असावी, कारण त्या रविवारी त्यांनी मला प्रथमच अंगणापर्यंत पोचवायला येऊन पाठीवर हात ठेवला. मला तो हात सहन होईना.

यंत्र आम्ही थांबवलं आणि तयारी पुन्हा पहिल्यापासून केली. या वेळी भाऊ समितीत होते, खरं म्हणजे समिती भाऊंच्या टेबलाभोवती बसत होती. रोज चार वाजता ते शब्द सांगायचे आणि मी लिहून घ्यायचो. संगणक विभागातल्या ताईंनी तिन्ही मुंबयांसाठी तीन वेगळे रकाने केले, आणि तिन्हींपैकी एकही नक्की नसेल तर यंत्राने गप्प बसून माणसाला विचारायचं असं ठरलं. एक दिवस 'थांब' असा शब्द निघाला. त्याचा अर्थ असा, की अहवाल तयार आहे, वाईट आहे, पण उपचाराला चार दिवसांनी फरक पडणार नाही आणि परवा पेशंटच्या घरी लेकीचं लग्न आहे. मी पेन खाली ठेवलं. "भाऊ, हे यंत्राला कसं सांगायचं?"

"नाय सांगायचा. ता डॉक्टरनं आणि माणसानं बसून ठरवायचा," भाऊ म्हणाले आणि पुढच्या शब्दाकडे वळले. हे वाक्य आता आमच्या नियमांत आहे.

परवा हर्ण्याची ती बाई आली. उपचार पुरे झाले आहेत, डोक्यावरच्या रुमालाखालून बारीक केस दिसू लागले आहेत. भाऊ नेमके रजेवर होते, म्हणून ती माझ्या खोलीत येऊन बसली. मांडीवर सुक्या मासळीची पिशवी होती, ती भाऊंसाठी. मी कसं वाटतंय विचारलं आणि ती आपणहून बोलायला लागली. "ते अठरा दिवस मी लय खुशीत होते वो. रिपोर्ट आला नाय म्हणजे बराच असणार, वायट असता तर बोलावला असता, असा वाटला मला. देवीची ओटी पण भरून आले." हे तिने हसत हसत सांगितलं.

मी उठून दार लोटलं आणि पुन्हा येऊन बसलो. म्हटलं, "बाई, ती चूक भाऊंची नव्हती. माझी होती. मी त्यांना विचारायला हवं होतं, विचारलं नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. रागावेल असं मला वाटलं, आणि तिने रागवावं अशी माझी इच्छाही होती. तिने मांडीवरची पिशवी उचलून माझ्या टेबलावर ठेवली.

"भाऊंनी सांगितलानी होता मला," ती म्हणाली. "डॉक्टर कधीतरी असा बोलतील. तर त्यांना म्हणावा, झाला ता झाला, आता माझे रिपोर्ट तुम्हीच बघा."

मी तिचे कागद घेतले आणि एकेक करून सगळे पाहिले. चांगले होते. तसं मी तिला सांगितलं, आणि तिने ते माझ्याकडून ऐकून घेतलं. मार्चअखेर भाऊ निवृत्त होतात. मग रोज सकाळी उठून मी मत्सर कोणाचा करायचा, हे काही अजून ठरलेलं नाही.